मेलेल्यांच्या नावावरचा दाखला

गेल्या प्रजासत्ताक दिनी आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं आणि चहा-वड्याच्या वेळी एका सद्गृहस्थांनी मला हसतहसत विचारलं, "काय हो, तुमच्यातले किती जण होते सैन्यात?" प्रश्नात विखार नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या हातात वडा होता, माझ्या हातात चहा होता, ऊन कोवळं होतं. 'तुमच्यातले' या शब्दाची सवय होऊन मला पन्नास वर्षं झाली. मी नेहमीप्रमाणे यादी सुरू केली. १९४८ साली काश्मीरच्या आघाडीवर पडलेले ब्रिगेडियर उस्मान, १९६५ साली असल उत्तरला पाकिस्तानी रणगाडे उडवणारे परमवीर अब्दुल हमीद... ही यादी मला पाठ आहे. माझ्या ओळखीच्या बहुतेक मुसलमानांना पाठ आहे. रेशनकार्डाचा नंबर असतो तशी. सद्गृहस्थ म्हणाले, "ही दोन नावं तर सगळेच सांगतात." आणि दुसरा वडा घ्यायला निघून गेले.

मला ते लागलं. मी मनाशी ठरवलं की पुढच्या वेळी यांना अशी नावं सांगायची, की हातातला वडा हातात राहिला पाहिजे.

मे महिन्यात धाकट्या बहिणीच्या मुलाकडे बेल्जियमला जायचा योग आला. तो गेंट शहरात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकल दामटतो. मी पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांच्या स्मारकाविषयी विचारलं, तर म्हणाला, "मामू, ते तिकडे फ्रान्सच्या हद्दीत आहे, नव्ह-शापेलला. गाडीने तासाभरात जाऊन येऊ. पण मी म्हणतो, ईप्रहून सायकलने जाऊ. पन्नास किलोमीटर. सगळा सपाट रस्ता." त्याने माझ्यासाठी मित्राची बॅटरीवाली सायकल मागून आणतो म्हटलं. मी साठी ओलांडलेल्या माणसाच्या ताठ्याने नको म्हटलं. फ्लँडर्समध्ये चढ नसतो हे खरं, पण वारा असतो, आणि तो समोरून असतो, हे त्याने सांगितलं नाही.

आदल्या रात्री ईप्रला मुक्काम केला. तिथल्या मेनिन गेट या कमानीवर ५४ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत, सगळी कबर न सापडलेल्यांची. त्यांत हिंदी पलटणीही आहेत. रोज रात्री आठ वाजता कमानीखालची वाहतूक थांबवून बिगुल वाजवतात. १९२८ पासून हा रिवाज चालू आहे, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर घेतलं तेवढीच वर्षं त्यात खंड पडला. मी गेलो त्या दिवशी चार-पाचशे माणसं असतील. बिगुल सुरू व्हायच्या आधी सगळ्यांचे मोबाइल वर. माझाही. बिगुल संपला, माणसं पांगली, समोरच्या चॉकलेटच्या दुकानात शिरली. मला काही झालं नाही. हे कबूल करायला संकोच वाटतो, पण तिथे उभं राहून मी फक्त आपला व्हिडिओ नीट आला का, ते पाहत होतो.

सकाळी सातला निघालो. या भागात सायकलवाल्यांसाठी रस्त्यांचं एक जाळंच आखून ठेवलं आहे. जिथे दोन-तीन वाटा मिळतात तिथे एक क्रमांक. निघण्यापूर्वी क्रमांक ओळीने कागदावर लिहायचे आणि पाटी बघत एकाकडून दुसऱ्याकडे जायचं. मोबाइल खिशात ठेवला तरी चालतं. वाटा शेतांमधून जातात, कालव्याच्या काठाने जातात, गोठ्याच्या मागून जातात. मोटारी जवळपास नाहीत. ऐकू येतो तो आपल्याच चेनचा आवाज, वारा आणि कुठे तरी ट्रॅक्टर.

आणि दर दोन-तीन किलोमीटरला बटाट्याच्या शेताच्या मधोमध, बांधावरून पायवाट काढलेलं एखादं छोटं कबरस्तान. पांढरे उभे दगड, कापलेलं गवत, लोखंडी फाटक. कुठे चाळीस कबरी, कुठे दीडशे. पर्यटकांच्या बसगाड्या इथे येत नाहीत. त्या मोठ्या कमानींकडे आणि मोठ्या कबरस्तानांकडे जातात. बसमधून माणूस 'युद्धभूमी' बघून येतो. सायकलवर तसं होत नाही. फाटक दिसलं की पाय आपोआप थांबतात, घोटभर पाणी पिण्यासाठी का होईना. मग एक-दोन दगड वाचले जातात. वय एकोणीस. वय बावीस. वाचून पुन्हा टांग मारायची, की पाच मिनिटांत पुढचं फाटक. दुपारपर्यंत पाणी पिण्याचीही लाज वाटायला लागते.

रस्त्याच्या कडेला एका खांबाशी मला गंजलेला, मातीने लडबडलेला लोखंडी ऐवज दिसला. उतरून हात लावणार, तेवढ्यात भाचा ओरडला. तो तोफगोळा होता. नांगरणीत अजून निघतात. शेतकरी ते बांधावर आणून ठेवतात आणि लष्कराचे लोक येऊन घेऊन जातात. शंभर वर्षं होऊन गेली, तरी फुटायचा राहिलेला गोळा फुटायचा राहिलेलाच असतो.

सायकलचं आणि या मातीचं नातं जुनं आहे. युद्ध संपून सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा १९१९ च्या एप्रिलअखेरीस एका फ्रेंच वर्तमानपत्राने याच उद्ध्वस्त रणभूमीवरून सायकलींची शर्यत काढली होती. सात टप्पे, सुमारे दोन हजार किलोमीटर, रस्त्यांच्या नावाखाली खड्डे. वर्तमानपत्राला खप हवा होता. शार्ल दरुइतेर नावाचा गडी जिंकला. त्याच्या आधीच्या काळातला मोठा सायकलपटू, १९०९ ची टूर द फ्रान्स जिंकणारा फ्रान्स्वा फाबेर, इथून थोडं दक्षिणेला ९ मे १९१५ रोजी मारला गेला. त्याचं नागरिकत्व लक्झेंबर्गचं, लढला फ्रान्सच्या परदेशी पलटणीतून. त्याला कुणी 'तुमच्यातले किती' असं विचारलं असेल का, कोण जाणे.

ईप्रपासून थोड्याच अंतरावर होलेबेके गाव लागतं. मला इथे थांबायचंच होतं, कारण माझ्या नव्या यादीतलं पहिलं नाव इथलं होतं. १२९ व्या बलुची पलटणीतले शिपाई खुदादाद खान. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांच्या मशिनगनवरचे सगळे साथीदार मारले गेले, स्वतः जखमी, तरी ते गन चालवत राहिले. शत्रूने मेले समजून सोडलं, ते रात्री सरपटत आपल्या लोकांत परतले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले ते पहिले हिंदी शिपाई. म्हटलं, हे नाव सोसायटीत सांगायचं. पहिला व्हिक्टोरिया क्रॉस, तोही एका मुसलमानाचा!

होलेबेकेत बघण्यासारखं फार काही नाही. चर्च, घरं, शेतं. आम्ही एका बाकावर बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. भाच्याने विचारलं, "मामू, ते मूळचे कुठले?" मी म्हटलं, "चकवाल जिल्हा. पंजाब." तो म्हणाला, "म्हणजे पाकिस्तान."

वाचकहो, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. खुदादाद खान १९४७ नंतर पाकिस्तानी झाले आणि तिथेच वारले, १९७१ साली. म्हणजे मी हा दाखला पुण्यात सादर केला, तर समोरचा दुसऱ्या मिनिटाला म्हणणार, "ते तर तिकडचे." आणि त्यांनी गन चालवली ती कुणासाठी? इंग्लंडच्या राजासाठी. म्हणजे माझ्या देशनिष्ठेचा पुरावा म्हणून मी एक असा माणूस नेणार होतो, जो परक्या राजासाठी तिसऱ्याच देशात लढला आणि नंतर चौथ्या देशाचा नागरिक झाला. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच विचारलं गेलं नव्हतं. कुणी महिन्याच्या पगारासाठी गेला होता, कुणी पेन्शनीसाठी, कुणी बापही पलटणीत होता म्हणून.

पुढे मेसेन, प्लूखस्टेर्त असं करत आर्मांतिएरला आम्ही फ्रान्समध्ये शिरलो. इथून पुढे क्रमांकांच्या पाट्या संपतात, रस्ते थोडे रुक्ष होतात, वारा तसाच. लावांती गावाजवळच्या एका कबरस्तानात हिंदी सैनिकांच्या कबरी एका बाजूला आहेत. मुसलमानांच्या दगडांवर वर अरबीत 'हुवल गफूर', तो क्षमा करणारा, असं कोरलेलं असतं. हिंदूंच्या दगडांवर देवनागरीत 'ॐ भगवते नमः'. फ्रान्समधल्या शेतात, जिथे पाव विकत घेतानाही मी खुणा करत होतो, तिथे अचानक आपली लिपी समोर आली. मी ती मोठ्याने वाचली. त्या दिवसात मी कुठल्याही दगडावरचं मोठ्याने वाचलेलं ते तेवढंच.

नव्ह-शापेलला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. स्मारक गावाबाहेर एका चौफुलीवर आहे. हर्बर्ट बेकर यांनी बांधलं, १९२७ च्या ऑक्टोबरात उघडलं. वर्तुळाकार आवार, एका बाजूला जाळीदार दगडी कठडा, सांचीच्या धर्तीवरचा, आणि दुसऱ्या बाजूला सलग भिंत, तिच्यावर ४,७०० हून अधिक नावं. मध्ये उंच स्तंभ, त्यावर कमळ आणि ब्रिटिश मुकुट, पायाशी दोन दगडी वाघ. आवारात आम्ही दोघंच होतो.

इथे काय झालं, ते थोडक्यात सांगतो. १० ते १३ मार्च १९१५ या चार दिवसांत इंग्रजांनी हे गाव जर्मनांकडून घेतलं. हल्ला करणाऱ्यांत जवळजवळ निम्मे हिंदी होते. पस्तीस मिनिटं तोफा चालल्या, मग माणसं पुढे गेली. आघाडी जेमतेम दोन किलोमीटर सरकली. त्यासाठी इंग्रजांच्या बाजूची साडेअकरा हजारांवर माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. त्यांत चार हजारांवर हिंदी. पुस्तकात हे मी आधी वाचलं होतं. पण ते दोन किलोमीटर मी नंतर सायकलवरून गेलो. घड्याळ लावलं होतं. दमलेला होतो, वारा समोरून होता, तरी नऊ मिनिटं लागली.

स्मारकावरची नावं पलटणीनुसार आहेत, पलटणीत हुद्द्यानुसार. धर्मानुसार नाहीत. त्यामुळे खान आणि सिंग एकाखाली एक येतात, गुरखा पलटणीत सगळे थापा. मी खिशातून मोबाइल काढला आणि कामाला लागलो. माझं काम सरळ होतं: आपली नावं शोधायची आणि फोटो काढायचे. एक खान, क्लिक. एक मुहम्मद, क्लिक. अली, क्लिक. मध्ये एकदा थांबून फातिहा पढलो, आणि तीही पढताना डोळे भिंतीवर पुढचं नाव हुडकत होते.

भाचा दुसऱ्या टोकाला उभा होता. त्याने हाक मारली, "मामू, हे बघ. थर्ड सॅपर्स अँड मायनर्स. ही आपली खडकीची ना?"

माझं लहानपण खडकीत गेलं. अब्बा तिथल्या दारूगोळा कारखान्यात होते. सफरमैनांच्या बराकींवरून मी रोज शाळेत जायचो. त्यांचा बँड ऐकत थांबलो म्हणून मार खाल्ला आहे. बॉम्बे सॅपर्सचं मुख्यालय १९१४ सालीही खडकीतच होतं. मराठे, मुसलमान, शीख असे सगळे त्यांत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी, मार्चच्या लढाईच्या सुमारे साडेचार महिने आधी, याच गावावर त्यांच्या विसाव्या आणि एकविसाव्या कंपनीला ४७ व्या शीख पलटणीबरोबर हल्ल्याला पाठवलं होतं. ही माणसं पूल बांधणारी, खंदक खणणारी, सुरुंग लावणारी कारागीर. पण पायदळ कमी पडत होतं, म्हणून त्यांना संगिनी देऊन पुढे काढलं. ते गावात शिरले, घराघरांतून हातघाईने लढले. मागून कुमक आली नाही. माघार घ्यावी लागली तेव्हा दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी मेले होते किंवा जखमी झाले होते. खडकी बाजारात ज्यांनी भाजी घेतली असेल, रेंजहिल्सच्या बाजूला ज्यांनी कवायत केली असेल, ती माणसं या बीटाच्या शेतात नाहीशी झाली, आणि माझ्या शाळेत, मशिदीत, घरात कुणी मला हे सांगितलं नाही. त्या नावांचेही मी फोटो काढले. तशाच रीतीने. आपली तेवढी.

संध्याकाळी ला बासेहून लीलची गाडी पकडली, तिथून पुढे गेंट. सायकली डब्याच्या टोकाला बांधल्या होत्या. पाय सुजले होते. मी फोटो चाळायला लागलो. प्रत्येक फोटोत मधोमध एक नाव आणि वर-खाली अर्धी कापलेली दोन नावं. कुणाचं डोकं गेलेलं, कुणाचे पाय. ओळीने साठ-सत्तर फोटो तसेच. ज्यांच्या शेजारी ते मेले, त्यांना मी कापून काढलं होतं, सोसायटीतल्या एका माणसाला दाखवायला.

मला वाटतं, हे मेलेल्यांचं देणं विसरणं आहे, आणि यात मी एकटा नाही. त्या काळातही हेच चाललं होतं. १४ नोव्हेंबर १९१४ रोजी तुर्कस्तानच्या शेखुल इस्लामने जगभरच्या मुसलमानांना इंग्रजांविरुद्ध जिहादची हाक दिली. जर्मनांनी बर्लिनजवळ व्ह्यून्सडॉर्फला खास मुसलमान आणि हिंदी कैद्यांसाठी छावणी काढली. १९१५ साली तिथे लाकडी मशीद बांधून दिली, जर्मनीतली पहिली. मशीद चांगुलपणाने दिली नव्हती; कैद्यांनी पक्ष बदलावा म्हणून दिली होती. काहींनी बदलला, बहुतेकांनी नाही, आणि थंडीने, क्षयाने कित्येक तिथेच मेले. त्यांतल्या दोनशेहून अधिक जणांची नावं नव्ह-शापेलच्या स्मारकावर नंतर जोडलेली आहेत, कारण पूर्व जर्मनीतल्या त्यांच्या कबरींची निगा राखणं अशक्य झालं होतं. इकडे सिंगापूरला फेब्रुवारी १९१५ मध्ये पाचव्या लाइट इन्फंट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केलं. आपल्याला तुर्कांशी लढायला नेणार, अशी वदंता त्यामागे होती. सत्तेचाळीस जणांना गोळ्या घालून मारलं. खलिफा विचारतोय तू कुणाचा, कैसर विचारतोय तू कुणाचा, इंग्रज साहेब पत्रं फोडून वाचतोय की तू कुणाचा. आणि शिपाई पत्रात लिहितोय की थंडी फार आहे, म्हैस विकू नका.

आज आम्ही मुसलमान त्याच शिपायाला कबरीतून उठवून पुन्हा तेच विचारतो: सांग, तू आमच्या बाजूने साक्ष देशील ना? मागणारा दाखला मागतो, हे चूकच आहे. पण देणारा तो मेलेल्यांच्या नावावर काढून देतो, हेही बरोबर नाही. माझ्या नागरिकत्वाला माझा जन्म पुरेसा आहे. त्यासाठी फ्रान्समधल्या भिंतीवरून एकेक खान खरवडून आणायची गरज नाही.

यावर माझ्याच मित्रांनी मला सुनावलं आहे. ते म्हणतात, आपण नावं सांगितली नाहीत तर सांगणार कोण? पुस्तकातून तर ती गेलीच आहेत. म्हणणं खरं आहे. नावं सांगावीतच. पण खडकीची नावं सांगायची तर सगळ्या कंपनीची सांगावीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. मराठा पलटणी बहुतेक मेसोपोटेमियात गेल्या, कूतच्या वेढ्यात सापडल्या. त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे, तिथे सायकलवरून निवांत जाण्याची सोय नाही. कोकणात, साताऱ्यात गावोगावी भिंतीत बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, इतके मेले. पाटीवर नुसता आकडा असतो. नावंच नाहीत, तर जात-धर्म कुठून असणार? मला त्या पाट्या आता फार आवडायला लागल्या आहेत, पण त्यांच्यापुढे स्कूटर लावलेल्या असतात.

आपल्याकडे युद्धाच्या जागी जायचं म्हणजे घोषणा, डीजे, गाड्यांचा ताफा. ज्या गणेशखिंडीत १८१७ साली खडकीची लढाई झाली, तिथे आज सिग्नलला उभं राहून माणूस फक्त शिव्या देतो. मला सरकारकडे मोठं स्मारक मागायचं नाही. एक गाडीविरहित वाट मागायची आहे. खडकीच्या युद्ध कबरस्तानात दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी आहेत, पुणेकरांपैकी किती जण आत गेले असतील? परतल्यावर एका रविवारी मी सायकल घेऊन गेलो. पहारेकऱ्याने विचारलं, "कोण नातेवाईक आहे का?" मी म्हटलं, "नाही, असाच." त्याने सायकल आत सावलीत लावू दिली.

सोसायटीतले सद्गृहस्थ परवा लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "काय, बेल्जियम कसं होतं?" मी म्हटलं, वारा फार होता.

ते साठ-सत्तर फोटो मी पुसून टाकले. भाच्याला सांगितलं, पुन्हा कधी गेलास तर थर्ड सॅपर्सची सगळी पाटी वरपासून खालपर्यंत काढून पाठव, एकही नाव सोडू नकोस. तो मागच्या शनिवारी भर पावसात एकटा गेला आणि सात फोटो पाठवले. पाचवा थेंबांमुळे धूसर आला आहे. तो पुन्हा काढायला सांगितला आहे.